नग एक, नाजूक

हल्ली पुण्यात गाडी घ्यायची म्हटलं की मायलेजच्या आधी विचारतात, "किती स्टार?" १ ऑक्टोबर २०२३ ला 'भारत एनकॅप' ही गाड्यांच्या सुरक्षिततेची परीक्षा सुरू झाली, त्याच वर्षी डिसेंबरात हॅरियर आणि सफारीला पाच-पाच स्टार मिळाले आणि कोथरूडच्या पार्किंगमध्ये तारांगण उतरलं. या परीक्षेत गाडी ताशी ६४ किलोमीटरने आदळवतात. आत बाहुला बसवलेला असतो. त्याला सीटबेल्ट, त्याला एअरबॅग, शिवाय मानेला किती हिसका बसला याची नोंद. एवढी विचारपूस जावयाचीही होत नाही.

परीक्षा मात्र साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांची. पिकअपही बहुधा तेवढ्याच वजनात बसते, पण ती पडली मालवाहू! एअरबॅगची सक्ती मोटारींना. एसी केबिनची सक्ती मोठ्या ट्रकना. दोन्हीकडून पिकअप निसटली. आपल्या 'छोटा हत्ती' टेम्पोला तर नावाप्रमाणे सोंडही नाही. धडक झाली की आधी बंपर, मग ड्रायव्हरचे गुडघे.

पण केबिनवाले तरी भाग्यवान म्हणायचे. खरी गंमत हौद्यात. हौद्यात कांद्याच्या पिशव्या असल्या की दोरीने आवळतात, ताडपत्री टाकतात, फाळक्याची कडी दोनदा तपासतात. वऱ्हाड असलं, ढोलपथक असलं, तुळजापूरहून ज्योत आणणारी पोरं असली, की "सरका, पुढे सरका" एवढ्यावर भागतं.

गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासूनची, आणि तिचं ठाणं वेताळ टेकडीवर. जागा अचूक निवडली आहे. वेताळाने विक्रमाची पाठ सोडून आज पिकअप धरली असती आणि विचारलं असतं, "राजा, मालवाहू गाडीत बसलेला माणूस, माल की माणूस?" सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगून ठेवलंय: अशा गाडीतल्या फुकट प्रवाशाची भरपाई विमा कंपनीच्या गळ्यात नाही. मात्र मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोबत असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीने त्याची सोय आहे. तेव्हा निघताना कोथिंबिरीची एक जुडी जवळ ठेवावी काय, हे वकिलाला विचारून घ्या.

११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. खेड तालुक्यातल्या पापळवाडीच्या बायका पिकअपमधून कुंडेश्वराच्या दर्शनाला निघाल्या होत्या. घाटात गाडी दरीत कोसळली. किमान दहा जणी गेल्या. प्रत्येक मृतामागे राज्याने चार लाख जाहीर केले, केंद्राने दोन. वाडीपासून देवळापर्यंत श्रावणापुरती एक एसटी सोडायला किती लागले असते, हा हिशेब कोणी जाहीर केला नाही.

सबब आमची सूचना अशी की, माणसाला सरळ माल म्हणून घोषित करावं. रीतसर बिल्टी फाडावी: 'नग: एक. वर्णन: आत्याबाई. नाजूक. आपटू नये. पावसात भिजवू नये.' मग दोरी येईल, ताडपत्री येईल. हमाल एकेक नग मोजून चढवेल आणि उतरवताना पुन्हा मोजेल. वजनकाट्यावर जास्तीचा भरणा पकडला जाईल. फुटतूट झाली तर व्यापारी स्वस्थ बसणार नाही, गुलटेकडीच्या बाजारात ठिय्या देईल.

अडचण एकच आहे. बिल्टीवर मालाची किंमत लिहावी लागते.