पाकिटाची पाठ

पाकीटबंद खाऊला दोन बाजू असतात. पुढे शेत, हसरी आजी किंवा रसरशीत संत्रे छापतात. मागे, चिकटवलेल्या दुमडीजवळ, कायदा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार ऊर्जा, चरबी, साखर आणि सोडियमचे आकडे पाकिटावर छापावेच लागतात. चष्मा ग्राहकाने आपला आणावा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. म्हणून पुढे ‘मल्टिग्रेन’ म्हणवणाऱ्या बिस्किटाच्या मागे पहिल्या पाटावर मैदा, शेजारी साखर आणि पामतेल, अन् नाचणी शेवटच्या पंगतीत असू शकते. ‘ट्रान्सफॅटमुक्त’ हा दावा 100 ग्रॅममध्ये 0.2 ग्रॅमहून कमी ट्रान्सफॅट असले की करता येतो. पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते, पण तिच्याबद्दल तो दावा काही बोलत नाही.

खरी कारागिरी ‘सर्व्हिंग’मध्ये आहे. रोजची गरज 2000 किलोकॅलरी, 67 ग्रॅम चरबी आणि 2000 मिलिग्रॅम सोडियम धरून टक्के काढतात, तेही एका सर्व्हिंगचे. सर्व्हिंग केवढे, हे उत्पादक ठरवतो. 150 ग्रॅम शेवेत 30 ग्रॅमची पाच सर्व्हिंग मानली, तर छापलेले टक्के पहिल्या मुठीपुरतेच. उरलेली चार सर्व्हिंग उद्यासाठी झाकून ठेवणारे घर नागपुरात अजून सापडायचे आहे. तर्री पोह्यांसोबत अख्खे पाकीट संपते.

जुलै 2025 मध्ये याच नागपुरात, मिहानमधील एम्सच्या उपाहारगृहात समोसा-जिलबीतील तेल-साखरेचे फलक लागणार, अशी बातमी देशभर गाजली. केंद्राने लगोलग खुलासा केला: फलक कामाच्या ठिकाणी जागरूकतेसाठी आहेत, विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा लावण्याचा आदेश नाही. समोशाची अब्रू वाचली. पाकिटांची तर चर्चाही फारशी झाली नाही.

पाकिटांसाठी प्राधिकरणाने 2022 मध्ये तारांकनाचा मसुदा काढला होता: अर्ध्यापासून पाच तारे. त्यात सर्वांत वाईट पदार्थालाही अर्धा तारा मिळतोच; मराठी शाळेतही इतका उदार मास्तर विरळा. चिलीने 2016 पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर पुढच्याच बाजूला काळे अष्टकोन छापायला लावले. आपल्याकडे एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या बाजूच्या लेबलबाबत शिफारशी करण्यासाठी तज्ज्ञ समितीला तीन महिने दिले. जुलैत आणखी तीन वाढवले.

ग्राहकाने पाकीट उलटे करावे, 100 ग्रॅमचा रकाना वाचावा आणि सर्व्हिंगच्या टक्क्यांना पाकिटातल्या सर्व्हिंगच्या संख्येने गुणावे.