पाळण्यात निर्वाण

नातू हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात जन्मला आणि घरात पंचाईत झाली. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. तिसऱ्या चरणाला ण. बाणातला ण! त्या अक्षराने मराठीत शब्दच सुरू होत नाही, तिथे नाव कुठून काढणार? गुरुजी म्हणाले, "सहा तास थांबला असता तर ठ मिळाला असता." म्हणजे ठकाजी. पोरगं घाईचं निघालं ते बरंच झालं.

शेवटी गुरुजींनीच तोड काढली, ण च्या जागी न चालतो. मग सूनबाईंनी मोबाइल हातात घेतला. हल्ली तिथल्या प्रत्येक दुसऱ्या नावाचा अर्थ 'सूर्याचा किरण' असतो. अंधार म्हणून कुठे उरायलाच नको. तास-दीड तासाने तिने 'निर्वाण' शोधलं. सुरुवातीला न, शेवटी ण, म्हणजे नक्षत्रही खूश. "अर्थ किती छान आहे ना, बाबा? परम शांती!"

अळिवाचे लाडू वळता वळता आमची ही थांबली. "अगं, पाळण्यातच निर्वाण?"

मी गप्प राहिलो. मला बोलायला तोंड नव्हतं, कारण माझं नाव निवृत्ती. जन्म पौष वद्य एकादशीचा. त्या दिवशी त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा; आजोबा दिंडीबरोबर गेलेले, ते येताना नाव घेऊनच आले. ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाचं आणि गुरूचं नाव, अभिमान आहेच. पण या नावाने नोकरी करून पाहा. रजेचा अर्ज पुढे केला की साहेब विचारायचे, "इतक्यात?" निरोपसमारंभात सूत्रसंचालकाने 'आज निवृत्ती निवृत्त होत आहेत' हे वाक्य तीनदा घेतलं. तिन्ही वेळा टाळ्या पडल्या.

आधीच्या पिढ्यांना अर्थाची अशी हौस नव्हती, धास्ती होती. मुलं जगत नसत, म्हणून दगडू, धोंडू, कचरू. नाव इतकं टाकाऊ ठेवायचं की यमानेही हात लावू नये. आमचे कचरू आजोबा ब्याण्णव वर्षं जगले. त्या नावाला कोणी नावं ठेवू नयेत.

आणि नाशिककराने तर अर्थाची फार चिकित्सा करूच नये. गावाचं नावच, म्हणतात, शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडलं. मोगलांनी गुलशनाबाद म्हणून पाहिलं. बाग गेली, नाक राहिलं. गोदावरीला आम्ही सर्रास गंगा म्हणतो. आमचे लाडके कवी जन्माने गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णू वामन शिरवाडकर, आणि उभ्या महाराष्ट्राला कुसुमाग्रज. ते नाव ऐकून लोकांच्या मनात फुलं, परिमळ असं काय काय येतं. मुळात बहिणीचं नाव कुसुम, आणि हे तिचे अग्रज. कुसुमचा दादा, एवढंच.

नावांच्या अशा गमती काही आपल्यापुरत्याच नाहीत, दूर वेल्समध्येही असंच काहीसं. तिकडची ग्वेन म्हणजे शुभ्र, आपली गौरीच म्हणा ना. पण जुन्या काळी नुसत्या नावाने भागत नसे. पुढे 'आप' लावून बापाचं नाव जोडायचे. आप म्हणजे 'चा मुलगा'. 'आप रीस' घाईघाईत म्हणता म्हणता त्याचं प्राइस आडनाव झालं आणि बाप त्यात बुजून गेला. आपल्याकडे निदान रेशनकार्डावर तरी तो मधोमध शाबूत असतो.

बाराव्या दिवशी बारसं झालं. आत्याने बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगायच्या आतच बायकांचे धपाटे तिच्या पाठीवर पडले. त्या गलक्यात नाव काही कोणाला ऐकू आलं नाही. मी घुगऱ्यांची वाटी घेऊन शेजारच्या आजींकडे गेलो. त्यांना कमी ऐकू येतं.

"नाव काय ठेवलं?"

"निर्वाण."

"निरूपण?"

"निर्वाण, आजी!"

"निर्माण?"

मी आणखी एकदा ओरडलो. आजींनी वाटी घेतली, दोन घुगऱ्या तोंडात टाकल्या.

"असू दे रे. निवृत्तीचा नातू ना? मीठ जरा कमी पडलंय."