परवाना साता समुद्रापारचा

डहाणूतला माणूस परदेशात गाडी चालवायची म्हणून आरटीओचा 4-अ फॉर्म भरतो, हजार रुपये मोजतो आणि आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका मिळवतो. फार तर वर्षभर चालते. 1949 च्या जिनिव्हा कराराची पुण्याई. मूळ लायसन्स सोबत हवंच, नुसत्या पुस्तिकेवर भागत नाही.

मग न्यूझीलंडच्या निर्मनुष्य रस्त्यावर 'स्टॉप'ची पाटी दिसली की हा गृहस्थ गाडी पूर्ण थांबवतो. समोर फक्त मेंढ्या. मागे बसलेल्या सासूबाईंनाही पट्टा! दंड डॉलरमध्ये असला की कायदा कसा चटकन पाठ होतो.

परतल्यावर तलासरीला, अहमदाबाद हायवेवर, ढाबा पलीकडे आणि यू-टर्न लांब. झालं, डिपर मारत उलट्या दिशेनं कडेकडेनं स्वारी निघते. मागचा पट्टा? 2022 च्या सप्टेंबरात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मागे पट्टा न लावलेल्यांचा जीव घेणारा तो अपघात झाला, तेव्हा आठवडाभर लावला होता. आता बक्कल सीटच्या फटीत, चिकूच्या बियांसोबत.

अच्छाडची हद्द जवळ आली की मात्र शिस्त जागी होते. डिकीतली बाटली स्टेपनीखाली सरकते. पुढे गुजरात, तिथे पुस्तिका कितीही आंतरराष्ट्रीय असो, बाटलीचं परमिट वेगळं लागतं.