आंगली, आतारा, ओलापूर

गाणं ऐकायला मोटारीपेक्षा वाईट खोली शोधून सापडायची नाही. समोर तिरकी काच, खाली टायरची घरघर, शेजारी रिक्षाचा हॉर्न. शिवाय ऐकणारा कधीच मधोमध बसत नाही. एक स्पीकर त्याच्या नडगीशी, दुसरा पार पलीकडे. तरी आमच्यासारखे लोक या खोलीत पैसा ओततात. गाडी घेताना शोरूममध्ये तोंडातून शब्द न काढणारा माणूस पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन कपॅसिटरसाठी तासभर घासाघीस करतो.

कंपनीने दिलेले पुढचे स्पीकर काढून मी कॉम्पोनंट सेट आणला. साडेसहा इंची वूफर दारात, एक इंची ट्वीटर काचेशेजारच्या खांबावर आणि त्यांच्यात वाटणी करायला प्रत्येक बाजूला क्रॉसओव्हरचा एक काळा डबा. आत फारसं काही नसतं. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर, तो खर्ज अडवतो. वूफरच्या वाटेत तांब्याच्या तारेची कॉइल, ती बारीक सूर अडवते. चार ओहमच्या ट्वीटरला दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हद्द 4000 हर्ट्झच्या आसपास पडते. पण ही हद्द सोसायटीच्या नोटिशीसारखी असते, बंदी आहे आणि जो तो ती आपल्या परीने पाळतो. एकटा कपॅसिटर असेल तर एक सप्तक खाली उतरल्यावर आवाज जेमतेम 6 डेसिबलने पडतो. जोडीला कॉइल दिली तर 12 ने.

“साहेब, डबा डोअरमध्येच टाकतो. दिसायला नको,” फिटिंगवाला म्हणाला.

दाराच्या आत पाऊस पडतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं. काचेच्या रबरी पट्टीच्या कडेने पाणी आत उतरतं आणि तळाशी मुद्दाम ठेवलेल्या भोकांतून बाहेर जातं. (भोकं चिखलाने बुजली की वळणावर दारातून खळखळ ऐकू येते. तिला क्रॉसओव्हर लागत नाही.) मी पॅनेलमागचं प्लास्टिक उचलून त्याला मातीचे ओघळ दाखवले. त्याने ते बोटाने पुसून बघितले आणि निकाल दिला, “हे पावसाचं नाही साहेब, वॉशिंगचं पाणी आहे.”

शेवटी डबे डॅशबोर्डखाली गेले. आता दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतून वायर ओवायची होती. या कामाला वायरीला साबण, पोऱ्याला चहा आणि नळी बनवणाऱ्याला शिव्या लागतात.

प्लस-मायनसबद्दल फिटिंगवाल्याचं मत उदार होतं. “कसंही लावा, आवाज येतोच.” येतो ना. पण एक वूफर उलटा जोडला गेला तर डावा कोन बाहेर येताना उजवा आत जातो आणि दोघं मिळून एकमेकांचा खर्ज गिळतात. म्हणून मी घरून भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल नेला होता. वूफरच्या प्लसला सेलचं प्लस टेकवलं की कोन टुपकन बाहेर उडी मारतो. आत गेला तर तारा उलट्या. ट्वीटरला मात्र हे करू नये, नाजूक जीव असतो. फिटिंगवाला पहिल्यांदाच गंभीर झाला. पोऱ्याला म्हणाला, “बघ, सायन्स.” इकडे घरी घड्याळ सव्वाअकराला थांबलं होतं आणि बाबा साडेबाराच्या जेवणाची वाट बघत बसले होते.

पहिली फेरी अर्थात आईबाबांना घेऊन. मी एक जुनं नाट्यगीत काढून ठेवलं होतं, पण बाबांनी मोबाइलवरून आकाशवाणीच्या बातम्या लावल्या. दोन मिनिटांनी त्यांनी वाकून पायांकडे पाहिलं.

“हा माणूस बसलाय कुठे?”

प्रश्न रास्त होता. निवेदकाचा बहुतेक आवाज खालच्या कंप्रतांचा, तो दारातून येतो. ‘स’चा फुसकारा मात्र बराचसा 4000 च्या वरचा, तो चढतो खांबावर. गाण्यात हे लपून जातं. बातम्यांत ‘सांगली’ म्हटलं की ‘स’ आरशापाशी आणि ‘आंगली’ बाबांच्या गुडघ्यापाशी.

“माझा गुडघा आधीच वाजतो,” बाबा म्हणाले, “त्यात आकाशवाणी कशाला?”

डब्यावर ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करायचा जंपर असतो. वयाबरोबर वरच्या कंप्रता आधी ऐकू येईनाशा होतात, त्यामुळे बाबांना ‘स’ पोचतच नसावा, असा माझा तर्क. गाडी कडेला घेतली, ग्लव्ह बॉक्सखाली डोकं घातलं आणि जंपर अधिक तीनवर नेला. बाबा खूश झाले. मागून आई म्हणाली, “टायर गेला का रे? हवा सुटल्यासारखा आवाज येतोय.”

वजा तीन केलं. आता बाबा नाखूश. मग शून्यावर आणलं, तेव्हा दोघंही. अखेर खेड-शिवापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडे दोघांनी जागा बदलल्या. बाबा मागे गेले. तिथे अजून कंपनीचेच कागदी कोनाचे स्पीकर आहेत, एकाच कोनातून सगळं, क्रॉसओव्हर वगैरे काही नाही.

“इथे सांगली अख्खी येते,” बाबा म्हणाले.

चांगल्या सिस्टिममध्ये मागचे स्पीकर वाजू देऊ नयेत, गायक समोर उभा राहिला पाहिजे, हे मी त्यांना पाच मिनिटं समजावलं. मग प्रात्यक्षिक म्हणून फेडर पूर्ण पुढे सरकवला.

“अरे, बंद का केलंस?” मागून आवाज आला. “सोलापूर यायचं होतं.”