कुलूपकर

आमच्या कंपनीच्या लीगल विभागातल्या या गृहस्थांचं खरं आडनाव फक्त पगारपत्रकावर आहे. बाकी सगळीकडे ते कुलूपकर. हे नाव सेल्सच्या पोरांनी ठेवलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं स्वीकारलं. 'आमच्या इतर अधिकारांना बाधा न येता' एवढं मात्र पुटपुटले.

कुलूपकर मोठ्या कंपन्यांत हमखास आढळतात. ओळखायची खूण सोपी आहे. कराराचा मसुदा समोरच्या पार्टीला पाठवताना साधा माणूस फाइल जोडतो आणि सेंड दाबतो. कुलूपकर आधी वर्डच्या रिव्ह्यूमध्ये शिरतात, ट्रॅक चेंजेस चालू करतात, 'लॉक ट्रॅकिंग' निवडतात, पासवर्ड दोनदा टाइप करतात आणि मगच चहा मागवतात. आता समोरच्या वकिलानं टिंब हलवलं तरी ते रंगून दिसणार. त्याला ट्रॅकिंग बंद करता येणार नाही, बदल स्वीकारता येणार नाहीत आणि नाकारताही येणार नाहीत. ही सोय वर्डच्या 2013 च्या आवृत्तीत आली. या सालाचा उल्लेख कुलूपकर स्वतःच्या लग्नाच्या सालापेक्षा जास्त वेळा करतात, आणि अधिक अचूक.

पासवर्ड घालायच्या त्या चौकटीतच मायक्रोसॉफ्टनं कंसात लिहून ठेवलंय, की हे सुरक्षेचं साधन नव्हे. एरवी करारातला कंसातला मजकूर कुलूपकर डोळ्यांत तेल घालून वाचतात. या एका कंसावर मात्र त्यांनी कधी शेरा मारलेला नाही. कारण खरी गोष्ट त्यांना ठाऊक आहे. मजकूर उचलून कोऱ्या फाइलीत डकवला, की कुलूप जुन्या फाइलीला राखत बसतं. म्हणून परत आलेली प्रत ते सर्वांत आधी आपल्या मूळ प्रतीशी 'कंपेअर' करतात. वर्ड दोन्ही प्रती ताडून पाहतं आणि लपवलेला फरकही उघडा पाडतं.

"मग सर, कुलूप कशाला?" एका ट्रेनी मुलीनं विचारलं होतं.

"कंपेअर चोर पकडायला," कुलूपकर म्हणाले. "कुलूप, त्याला निदान लाज वाटावी म्हणून."

नव्या मुलांना ते दोन कथा सांगतात. पहिली कॅनडातली. तिथल्या दोन कंपन्यांचा विजेच्या खांबांवरून केबल नेण्याचा करार होता. करार मुदतीआधी मोडता येतो की नाही, हा वाद अडला एका स्वल्पविरामावर, आणि पैसे होते लाखो डॉलरचे. 2006 साली तिथल्या नियामकानं स्वल्पविरामाच्या बाजूनं निकाल दिला. 2007 साली त्या कराराच्या मूळ नमुन्याच्या फ्रेंच प्रतीवर बोट ठेवून तो फिरवला. ऐकणाऱ्याला यातून द्विभाषिक देशाची गंमत दिसते. कुलूपकरांना दिसतं एवढंच, की फ्रेंच प्रतीलाही कुलूप हवं होतं. दुसरी कथा 2003 ची. ब्रिटिश सरकारनं इराकवरचा एक अहवाल वर्डच्या फाइलीतच जगापुढे ठेवला, आणि तो कोणाकोणाच्या हातांखालून गेला ती नावं फाइलीच्या पोटातून बाहेर आली. म्हणूनच कुलूपकर कोणतीही फाइल 'डॉक्युमेंट इन्स्पेक्टर'मधून काढल्याशिवाय बाहेर पाठवत नाहीत.

इतक्या बंदोबस्तानंतर एकदा खरंच चोरी पकडली गेली. अंतिम प्रतीतून 'नॉट' हा शब्द गायब होता आणि त्यावर रंगाचा ठिपकाही नव्हता. कुलूपकरांनी जेवण सोडलं. समोरच्या कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदा तयार झाला, त्यात 'विश्वासभंग' दोनदा आला. पत्र जाण्याआधी तपास लागला: शब्द आमच्याच सेल्सच्या पोरानं उडवला होता, घरातल्या बिनकुलुपाच्या प्रतीत, वाक्य 'जरा पॉझिटिव्ह' वाटावं म्हणून. त्या दिवसापासून विभागाच्या सहलीच्या वर्गणीचा तक्ताही कुलूपबंद फिरतो.

पण कुलूपकरांची खरी कसोटी लागते ती समोरही कुलूपकर असला म्हणजे. बेंगळुरूच्या एका कंपनीशी करार चालला होता, तेव्हा तसंच झालं. आमच्यांनी कुलूप लावून मसुदा पाठवला. तिकडच्यांनी तो नव्या फाइलीत उतरवला, बदल केले, स्वतःचं कुलूप लावलं आणि परत धाडला. आता दोघांकडे एकेक फाइल, दोन्हींना कुलपं, आणि एकाचे बदल दुसऱ्याला स्वीकारायची सोय नाही. वर्डमध्ये कोणाला कोणता रंग मिळेल हे ज्याच्या त्याच्या संगणकावर ठरतं. त्यामुळे यांच्या पडद्यावर ते लाल होते आणि त्यांच्या पडद्यावर हे. मार्जिनमध्ये मोठं शालीन युद्ध सुरू झालं. 'बेस्ट एफर्ट्स'चं 'रीझनेबल एफर्ट्स' झालं, त्याचं 'कमर्शियली रीझनेबल एफर्ट्स' झालं. नुकसानभरपाईची मर्यादा मागच्या 12 महिन्यांच्या बिलाइतकी, यावर एकमत झालं. मग 'मागच्या' म्हणजे कशाच्या मागच्या, यावर चार दिवस गेले. वादाचं न्यायक्षेत्र मुंबई की बेंगळुरू, हा प्रश्न दोघांनीही शेवटासाठी जपून ठेवला. लग्नाच्या याद्या करायला बसलेले दोन्हीकडचे मामा असेच भांडतात: देणंघेणं कधीच ठरलेलं असतं, पण मानपानाचं कलम सोडलं तर घरी तोंड कसं दाखवायचं?

इकडे सेल्सवाल्यांचा जीव वरखाली. "साहेब, काम सुरू होऊन तीन आठवडे झाले. पर्चेस ऑर्डर आली, पहिलं बिलसुद्धा गेलं."

"कशाच्या आधारावर?"

"त्यांनी मेलवर 'ओके' लिहिलंय."

कुलूपकरांनी शांतपणे 1872 च्या करार कायद्याचं कलम 7 सांगितलं: स्वीकृती बिनशर्त आणि संपूर्ण हवी. मग ते 'ओके' उघडून पाहिलं. त्याच्या मागे-पुढे काहीही नव्हतं, पूर्णविरामसुद्धा नाही. कुलूपकर बराच वेळ त्याकडे बघत राहिले. इतकी निर्दोष स्वीकृती त्यांनी आयुष्यात कधी पाहिली नसावी. त्यांनी निमूटपणे करार मागच्या तारखेपासून लागू असल्याचं कलम घातलं. दोन्हीकडच्या कुलूपकरांनी फोनवर एकाच वेळी कुलपं काढायचं ठरवलं, 'तीन' म्हटल्यावर. सह्या झाल्या. न्यायक्षेत्र मुंबई राहिलं आणि त्या बदल्यात लवादाची बैठक बेंगळुरूला गेली.

पुढच्या वर्षी कुलूपकरांना बढती मिळाली, पण दुसऱ्या कंपनीत. तीही नेमकी बेंगळुरूच्या त्याच कंपनीच्या मुंबई कचेरीत. आमच्याकडे त्यांच्या खुर्चीवर ती जुनी ट्रेनी मुलगी बसली. कराराच्या नूतनीकरणाची वेळ आली. तिनं कंपनीचा ठरलेला नमुना उघडला, तारखा बदलल्या आणि पाठवून दिला. नमुना कुलूपकरांनीच बनवलेला, कुलूपही त्यांचंच. आता समोरच्या बाजूनं तो उघडला, तोही कुलूपकरांनी.

पासवर्ड त्यांना तोंडपाठ होता. तो घालायचा आणि मोकळं व्हायचं, एवढंच काम. पण पासवर्ड माहीत असणं वेगळं आणि तो रीतसर मिळणं वेगळं. त्यांनी आमच्याकडे मेल पाठवला: 'आपल्या मसुद्यावरील ट्रॅकिंगचे कुलूप काढण्यासाठी पासवर्ड कृपया लेखी कळवावा.'

मुलीनं उत्तर दिलं, 'सर, तो तुम्ही जाताना कुणालाच सांगितला नव्हता.'

अर्ध्या तासानं 'गोपनीय' असा शिक्का मारलेला दुसरा मेल आला. त्यात पासवर्ड होता. खाली लिहिलं होतं: 'हा आपल्या कंपनीच्या मालकीचा असून आमच्याकडून केवळ परत करण्यात येत आहे. पोच द्यावी. त्यानंतर वरील विनंतीनुसार तो आम्हास कळवावा.'

मुलीनं पोच दिली आणि पासवर्ड कळवला. कुलूपकरांनी दोन्ही मेल फाइल केले, कुलूप काढलं आणि पहिल्या पानापासून स्वतःच लिहिलेली कलमं लाल करायला सुरुवात केली.