लिहून देणार

आमच्या आप्पांना भिंतीत खिळा ठोकलेला चालत नसे. आप्पा म्हणजे माझे सदाशिव पेठेतले घरमालक. १९८८ साली नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा दहा बाय बाराची खोली त्यांनी मला अडीचशे रुपयांना दिली आणि किल्ली हातावर ठेवताना एकच वाक्य बोलले, "खिळा मारायचा नाही. भिंत दुखते." वर्षभर मी कालनिर्णय कपाटावर आडवं ठेवून वाकून वाचलं. मग गणपतीत आई आली आणि तिने दत्ताच्या तसबिरीसाठी सरळ वरवंट्याने खिळा ठोकला. खोली सोडताना मी तो उपटला, भोकात पांढरी टूथपेस्ट भरली आणि बोटाने सपाट केली. आप्पांनी भिंतीशी नाक नेलं, वास घेतला आणि डिपॉझिटमधून पन्नास रुपये कापले. "किरकोळ," म्हणाले. जिना उतरताना मी ठरवलं, उद्या आपण घरमालक झालो तरी आप्पा व्हायचं नाही.

हा निश्चय मोडायला मला पंचेचाळीस लाख रुपये लागले.

२०१५ मध्ये धायरीला दोन बीएचके घेतला. गावची जमीन विकून आलेले पैसे आणि वर कर्ज. भाडं ठरलं साडेबारा हजार, म्हणजे वर्षाचे दीड लाख. टक्केवारी काढली तर सव्वातीनच्या जरा वर, तीही मेंटेनन्स, रंग, कर आणि रिकामे महिने वजा न करता. तेव्हा आमच्याच बँकेच्या एफडीवर याच्या दुपटीहून जास्त व्याज मिळत होतं आणि त्या एफडीची महती लोकांना काउंटरवर बसून पटवून द्यायचा पगार मी घेत होतो. बायकोने हे सगळं एकदाच ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग घेतला कशाला?" मी म्हणालो, "जागेचा भाव वाढतो." तेव्हापासून गिझर बिघडला की ती विचारते, "आज भाव किती वाढला?"

पहिल्या कराराच्या दिवशी कळलं की मी घरमालकच नाही. करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा. त्यात भाडेकरू नसतो, परवाना घेणारा असतो, आणि मी परवाना देणारा. म्हणजे आरटीओसारखा. कागदावर आमची नावं 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' या मथळ्यांखाली होती. हौसेने चार ओळी लिहिणाऱ्या माणसाला हा हुद्दा सुखावून गेला. पुढची कलमं वाचली आणि सुख ओसरलं. 'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही' हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. महाराष्ट्रात ते साफ खोटं आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ही जबाबदारी मालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदलेला नसताना वाद झालाच, तर समोरचा सांगेल त्या अटी खऱ्या धरायच्या आणि त्या खोट्या आहेत हे मी सिद्ध करायचं. माझ्या डोळ्यांसमोर धायरीच्या फ्लॅटसाठी येरवड्यात बसलेला मी आलो.

नोंदणी हल्ली ऑनलाइन होते, एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. मुद्रांक शुल्क साडेतीनशेच्या आसपास, नोंदणी हजार रुपये, आणि एजंटची फी या दोन्हींपेक्षा जास्त. माझा अंगठा काही उमटेना. आयुष्यभर नोटा मोजून तो गुळगुळीत झालेला. सातव्या खेपेला एजंट म्हणाला, "काका, अंगठा जरा केसांतून फिरवा, तेल लागलं की उमटतो." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "राहू दे, कपाळावर घासा." आठव्यांदा उमटला.

लिहून घेणार म्हणजे जळगावचं एक तरुण जोडपं. नवरा चाकणला गाड्यांच्या कारखान्यात, बायको घरून काम करणारी. दोघंही मला काका म्हणत. हा 'काका' फार महाग शब्द आहे. 'साहेब' म्हणणाऱ्याला माणूस "बघू" म्हणू शकतो. "काका, बाथरूमचा नळ रात्रभर टपकतो, झोप येत नाही" याला उत्तर नाही. पान्हा घेऊन मी स्वतः गेलो. प्लंबरचे पाचशे वाचवायचे होते. मुख्य कॉक बंद केला, निदान केला असं मला वाटलं. पान्ह्याचा दुसरा वेढा दिला आणि नळाचं डोकं माझ्या हातात आलं. त्याच्या मागोमाग ओव्हरहेड टाकीतलं, सकाळीच टँकरने भरलेलं पाणी आलं. मी दोन्ही तळहातांनी भिंत दाबून धरली होती आणि बाहेरून आवाज येत होता, "काका, आता टपकत नाही ना?"

शेवटी प्लंबर आला. त्याने नळ पाहिला आणि सगळे प्लंबर विचारतात तेच विचारलं, "कोणी केलंय हे काम?" मी गप्प. दीड वर्षाने गळती पुन्हा सुरू झाली, तोच प्लंबर आला, त्याच नळापाशी बसला आणि मान हलवत म्हणाला, "कोणी केलंय हे काम?" या वेळीही मी गप्पच.

मधल्या काळात, २०१७ ला, धायरी महापालिकेत गेली. पाण्याचा टँकर मात्र आमच्या सोसायटीत ग्रामपंचायतीच्या निष्ठेने येत राहिला. मिळकतकरात पुणेकराला स्वतः राहत असलेल्या घरासाठी चाळीस टक्के सवलत असते, भाड्याने दिलं की ती जाते. सोसायटीलाही वाटलं, आपण मागे का राहावं. 'भाडेकरू शुल्क' म्हणून कमिटीने महिना आठशे रुपये लावले. मी सहकार खात्याचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश छापून नेला: बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसेल तर लावायचं शुल्क, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला. शुल्क शंभराच्या आत आलं. त्या दिवसापासून माझ्या पार्किंगमध्ये सोसायटीची शिडी, झाडांच्या कुंड्या आणि गणपतीचं मखर मुक्कामाला आहे.

नऱ्ह्याला एक वन आरके घेतलं होतं, इंजिनिअरिंगच्या पोरांना द्यायला. त्याबद्दल एवढंच सांगतो की दोन मुलांचा करार केला होता आणि एका रविवारी सकाळी दाराबाहेर अकरा जोडी चपला होत्या. विकलं.

एका संध्याकाळी जळगावच्या सूनबाईंचा फोन आला. "काका, घड्याळासाठी एक खिळा ठोकू का?" मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आप्पा बोलले, "नको गं. भिंत दुखते." फोन ठेवला तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती. भाव किती वाढला, हे तिने त्या दिवशी विचारलं नाही.

खरं तर आप्पांवर मी अन्यायच केला. खालच्या मजल्यावरचा त्यांचा जुना भाडेकरू १९४७ च्या भाडे कायद्याच्या छत्राखाली महिना बावीस रुपये देऊन तीस वर्षं बसला होता. आप्पांना रात्री स्वप्न पडे ते भाडेकरू जात नसल्याचं. आता मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट रक्कम मागता येते, कायद्यात तसं कलम आहे, मला पाठ आहे. पण मला स्वप्न पडतं ते भाडेकरू निघाल्याचं. फ्लॅट एक महिना रिकामा राहिला की साडेबारा हजार गेले, वर ब्रोकरला एका महिन्याचं भाडं. म्हणून तर पाच वर्षांत भाडं वाढवायचा विषय मी तीनदा काढला आणि तिन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

तरी ते गेलेच. चाकणजवळ स्वतःचं घर घेतलं त्यांनी. मी किल्ली घ्यायला गेलो. घर लखलखीत पुसलेलं. सूनबाईंच्या कडेवर दहा महिन्यांची मुलगी. हॉलच्या भिंतीपाशी मला काहीतरी ओळखीचं वाटलं. नाक नेलं. पुदिन्याचा वास होता. एका जागी नाही, चार जागी. वर पाहिलं तर हॉलच्या छताला मधोमध लोखंडी कडी.

"पाळण्यासाठी काका," ती म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

खोटं कशाला बोलू, म्हणालोच असतो. डिपॉझिटमधून दोनशे कापले. किरकोळ. मग निघताना मुलीच्या हातावर पाचशे ठेवले. आप्पांच्या हिशेबात हे बसलं नसतं, माझ्याही बसत नाही.

तर, धायरीत दोन बीएचके रिकामा आहे. पूर्वेचा, तिसरा मजला, पाणी टँकरचं पण भरपूर. करार नोंदवूनच होईल, अंगठ्याला वेळ लागतो, सवड काढून यावं. बाथरूमचा नळ नवा आहे, कोणी बसवला ते विचारू नये. छताला पाळण्याची कडी आहे. कुटुंबाला प्राधान्य. खिळे मारू नयेत.