मापाचे अण्णा

नव्या फ्लॅटची किल्ली हातात आली, की वास्तुशांतीच्या भटजींआधी अण्णा येतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. खिशाला पेन, कमरेला पोलादी टेप. बोलावलेलं कुणीच नसतं. "सहज डोकावलो" म्हणत ते चपला काढतात आणि थेट खिडकीपाशी जातात. ज्या नजरेनं त्यांनी एके काळी कालव्याची अस्तरीकरणं नापास केली, तीच नजर आता आपल्या चौकटीवर फिरते.

"पडद्याचं माप घेतलंत?"

"घेतलं की अण्णा. सहा बाय पाच."

"ते खिडकीचं झालं. मी पडद्याचं विचारतोय."

इथून यजमानाची शिकवणी सुरू होते. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना ६-६ इंच बाहेर हवा, नाहीतर पडदा सरकवला तरी काच झाकलेलीच राहते. म्हणजे ६ फुटांचे झाले ७. त्याच्या दुप्पट कापड, नाहीतर चुण्या पडत नाहीत. आणि चुण्या नसलेल्या कापडाला चादर म्हणतात. दुप्पट म्हणजे १६८ इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच, म्हणजे साडेतीन पन्हे. "चार धरा. अर्ध्या पन्ह्यासाठी जीव काढू नका." रॉडपासून फरशीपर्यंत ७ फूट, वरची-खालची दुमड धरून ८. चार पन्ह्यांचे ३२ फूट, म्हणजे पावणेदहा मीटर. मोठ्या फुलांचं डिझाइन असेल तर आणखी जास्त, कारण जोडावर फुलाचं डोकं एका पन्ह्यात आणि देठ दुसऱ्यात गेलेला अण्णांना चालत नाही. कापड सुती असेल तर आधी पाण्यातून काढायचं, मग शिंप्याकडे. आयलेटच्या रिंगा नेहमी सम संख्येत, म्हणजे पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. आणि खालची कड फरशीपासून बोटभर वर, नाहीतर ओल्या फडक्यानं फरशी पुसणाऱ्या मावशी पडद्याचीही फरशी करतात. हे सगळं वीजबिलाच्या पाठीवर लिहून, खाली सही करून ते आपल्या हाती देतात.

यातलं एक अक्षरही खोटं नसतं. हीच तर अडचण.

कारण माप बरोबर आलं, की अण्णांना वाटतं आपल्याला रंगही कळतो. मग ते रविवार पेठेतल्या दुकानापर्यंत सोबत येतात. दुकानदार तागे उलगडतो. वहिनींना पहिल्याच ताग्यातला मोरपंखी आवडलेला असतो, पण पहिलाच पसंत केला तर खरेदी झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून त्या आणखी तीसेक तागे काढायला लावतात. अण्णा प्रत्येक कापड चिमटीत धरतात, उजेडापुढे नेतात, एक धागा ओढतात.

"रंग पक्का आहे?"

"काका, गॅरंटी!"

"लेखी द्या."

दुकानदार हसतो. अण्णा हसत नाहीत. शेवटी ते निकाल देतात, "बदामी घ्या. मळत नाही, उन्हानं विटला तरी कळत नाही." मोरपंखी बाजूला पडतो. आमच्या इमारतीत खालपासून वरपर्यंत बदामी पडदे आहेत. रात्री रस्त्यावरून वर बघितलं तर आपलं घर कोणतं, हे मजले मोजूनच ठरवावं लागतं.

रॉड लावायचा दिवस हा अण्णांचा खरा दिवस. ड्रिल घेऊन आलेला मुलगा स्टुलावर चढतो. गिलावा भुसभुशीत निघतो, मग ड्रिल जागच्या जागी किंचाळायला लागतं.

"लिंटेल लागलं. हॅमरवर टाक," खालून हुकूम येतो.

मुलगा दुसरं भोक डोळ्यांच्या अंदाजानं पाडायला जातो, तोच अण्णांच्या पिशवीतून पाणसळ निघते.

"काका, सरळच दिसतंय की!"

"दिसण्यावर धरणं बांधली असती, तर तू आज पोहत आला असतास."

पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत ब्रॅकेट बसत नाही. रॉड चढतो, पडदे चढतात, सगळे चार पावलं मागे जाऊन बघतात आणि गप्प होतात. रॉड चक्क तिरका दिसतो. अण्णा टेपनं दोन्ही टोकांचं छतापासूनचं अंतर मोजतात. एकीकडे पाऊण इंच जास्त.

"रॉड सरळ आहे," ते शांतपणे सांगतात, "बिल्डर वाकडा आहे."

पुढची पाच-सात वर्षं यजमान येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हेच वाक्य ऐकवतात.

अण्णांना टाळणारेही आहेत. ते मोबाइलवर तयार पडदे मागवतात. तयार पडदे मिळतात ५, ७ आणि ९ फुटांचे. त्यांच्या खिडकीला हवा असतो सहाचा. मग पाचाचा पडदा खालून उजेड देतो किंवा सातातला फूटभर दुमडून टाचण्या लावल्या जातात, आणि त्या टाचण्या दिवाळीच्या साफसफाईत कुणाच्या तरी बोटाला सापडतात. अण्णांनी माप घेतलेला पडदा मात्र आजवर एकही आखूड पडलेला नाही.

तेव्हा घर घेतलं असेल तर अण्णांना जरूर बोलवा. माप त्यांचंच घ्या, चहा दोनदा द्या, बिल्डरबद्दल ते काय म्हणतील तेही ऐकून घ्या. फक्त कापडाची पावती फाटेपर्यंत त्यांना दुकानाचा पत्ता सांगू नका.